'थकवा ६५ टक्क्यांनी कमी': एका आकड्याच्या मागे जाऊन

"आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं हलका व्यायाम करा. एनर्जी २० टक्क्यांनी वाढते, थकवा ६५ टक्क्यांनी कमी होतो." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. आरोग्य पुरवणीत, जिमच्या भिंतीवर, नाहीतर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मीही वाचलं होतं. एवढंच नाही, गेल्या वर्षी लॅबमधल्या एका ज्युनिअरला मोठ्या विश्वासाने ऐकवलंही होतं. ती सतत दमलेली असायची, दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या काढायची. मी म्हटलं, "अगं, होस्टेलहून बसने येऊ नकोस, चालत ये. रिसर्च आहे त्यावर."

ती बिचारी दोन महिने चालत आली. मग कॅम्पसवर रक्तदान शिबिर होतं, तिथून तिला परत पाठवलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. रक्तदानाला किमान १२.५ लागतं.

मूळ पेपर मी त्यानंतर शोधून वाचला. खरं तर आधी वाचायला हवा होता. आजची पोस्ट त्या पेपरबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते: पेपर चांगला आहे, पण जो आकडा त्यातून बाहेर पडून जगभर फिरला, त्याने पेपरमधली सगळ्यात महत्त्वाची अट मागेच टाकली.

पेपर काय आहे?

२००८ साली 'सायकोथेरपी अँड सायकोसोमॅटिक्स' या जर्नलमध्ये प्युट्झ, फ्लॉवर्स आणि ओ'कॉनर यांनी तो छापला. काम अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातलं. ३६ तरुण माणसं घेतली. सगळी बैठ्या जीवनशैलीची आणि सगळ्यांची तक्रार एकच, की सतत थकल्यासारखं वाटतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं त्यांना तीन गटांत वाटलं: मध्यम तीव्रतेचा व्यायाम, हलका व्यायाम आणि व्यायाम नाही. सहा आठवड्यांत प्रत्येक जण १८ वेळा लॅबमध्ये आला. व्यायाम म्हणजे जागेवरची सायकल. दर आठवड्याला एक प्रश्नावली भरून घेतली, 'उत्साह किती वाटतो, थकवा किती वाटतो' अशा प्रकारची.

निष्कर्ष असा की दोन्ही व्यायाम गटांत उत्साह साधारण २० टक्क्यांनी वाढला. थकवा हलक्या व्यायामाच्या गटात ६५ टक्क्यांनी आणि मध्यम व्यायामाच्या गटात ४९ टक्क्यांनी कमी झाला.

काय चांगलं आहे?

जर्नल क्लबमध्ये आपल्याला पेपर दिला की आपण लगेच चुका काढायला बसतो. आधी बरं काय ते बघायची सवय लावून घ्या.

पहिली गोष्ट, कंट्रोल ग्रुप आहे. थकव्यावरच्या प्रयोगात त्याला फार महत्त्व आहे. लोक प्रयोगात येतात ते थकवा जास्त असताना. काही आठवड्यांनी तो आपोआप थोडा कमी होतोच, कारण वाईट दिवसांनंतर बहुधा बरे दिवस येतात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. कंट्रोल ग्रुप नसता तर ही आपोआप झालेली सुधारणा व्यायामाच्या खात्यात जमा झाली असती. दुसरी गोष्ट, कंट्रोल ग्रुपलाही तितक्याच वेळा लॅबमध्ये बोलावलं. त्यामुळे 'घराबाहेर पडल्यामुळेच बरं वाटलं' ही शंका बरीच कमी होते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली: त्यांनी फिटनेसही मोजला आणि उत्साहातला बदल फिटनेसमधल्या बदलाशी जुळत नाही हे स्पष्ट लिहिलं.

हा तिसरा मुद्दा नीट समजून घ्या. 'व्यायामाने मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणून एनर्जी वाढते' असं स्पष्टीकरण या आकड्यासोबत सर्रास जोडलं जातं. नियमित व्यायामाने स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढतात हे खरंच आहे. पण या पेपरमधली 'एनर्जी' म्हणजे एटीपी नाही. ती प्रश्नावलीवरची खूण आहे, माणसाला काय वाटतं त्याची. शब्द एकच, पण मोजमाप वेगळं. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकातली एनर्जी आणि "आज एनर्जीच नाही रे" मधली एनर्जी यांची गल्लत करू नका.

टक्के कशाचे?

आता ६५ कडे येऊ. समजा थकव्याचा स्कोअर १० होता आणि साडेतीन झाला. घट ६५ टक्के. पण या पट्टीवरचा शून्य म्हणजे काय? 'थकवा अजिबात नाही' अशी खूण केली, एवढंच. तापमान १० अंश सेल्सिअसवरून २० झालं तर आपण 'उष्णता दुप्पट झाली' म्हणत नाही, कारण तिथला शून्य आपण सोयीसाठी ठरवलेला आहे. प्रश्नावलीचंही तसंच आहे. अशा पट्टीवर टक्केवारी काढता येते, पण ती 'थकव्याचा दोन तृतीयांश भाग गेला' असं सांगत नाही.

आणि ६५ विरुद्ध ४९ यावरून 'हलका व्यायाम मध्यम व्यायामापेक्षा चांगला' असा सल्ला दिला जातो. तीन गटांत ३६ माणसं, म्हणजे एका गटात साधारण डझनभर. एवढ्या लहान गटात दोन-तीन माणसांचा आठवडा वाईट गेला तरी सरासरी हलते. असा फरक दिसला तर तो पुढच्या मोठ्या प्रयोगाचं निमित्त ठरतो. त्यावर आयुष्याचा नियम बांधू नये.

मग व्यायामाचा खरा परिणाम किती? त्याच विषयावर २००६ मध्ये प्युट्झ, ओ'कॉनर आणि डिशमन यांनी ७० प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं होतं. सरासरी परिणाम आला ०.३७ प्रमाण विचलन. हे सोप्या भाषेत सांगायचं तर, व्यायाम करणारा एक आणि न करणारा एक असा कुणीही उचला, अशा शंभर जोड्या लावा. साधारण साठ जोड्यांत व्यायाम करणाऱ्याला जास्त बरं वाटत असेल. काहीच परिणाम नसता तर पन्नास जोड्या आल्या असत्या. परिणाम आहे, उपयोगाचाही आहे. पण 'शंभरातल्या साठ जोड्या' असं कोणी भिंतीवर रंगवत नाही, '६५ टक्के' रंगवतात.

अपेक्षेचं काय?

सायकल मारणाऱ्याला आपण सायकल मारतोय हे माहीत असतंच. त्याच्यापासून ते लपवता येत नाही. व्यायामाने तरतरी येते हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. मग प्रश्नावलीवर खूण करताना त्यातला किती भाग व्यायामाचा आणि किती अपेक्षेचा?

याचा अंदाज यावा म्हणून दुसरा एक प्रयोग बघा. २०१२ मध्ये कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलेला. फ्रान्समधल्या १९८ स्त्रिया, सगळ्यांना थकव्याची तक्रार, हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा निर्देशक, ५० पेक्षा कमी. अर्ध्या जणींना १२ आठवडे लोहाच्या गोळ्या, अर्ध्यांना प्लासिबो. लोह घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाला. आणि प्लासिबो घेणाऱ्यांचा? सुमारे २९ टक्क्यांनी. म्हणजे ज्यात काहीच नाही अशी गोळी खाऊनसुद्धा. यात अपेक्षा आली आणि मघाशी म्हटलेलं सरासरीकडे परतणंही आलं. लोहाची खरी कमाई या दोन आकड्यांमधला फरक, साधारण १९. थकव्याबद्दल कोणताही टक्का ऐकला की 'तुलना कशाशी?' हा प्रश्न तोंडातून आपोआप निघायला हवा.

मागे राहिलेली अट

आता ज्युनिअरकडे परत येते. २००८ च्या पेपरमध्ये निष्कर्षाच्या वाक्यातच लिहिलंय की हे लोक असे आहेत ज्यांना कोणताही निश्चित आजार नाही, आणि कारण न सापडणारा थकव्याचा विकारही नाही. म्हणजे तिच्यासारखी मुलगी त्या प्रयोगात बसलीच नसती. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांच्यात ती नव्हती आणि मी प्रयोगाचं उत्तर तिला देऊन टाकलं.

आपल्याकडे ही चूक जास्त महाग पडते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या देशात दमलेली मुलगी समोर आली की रक्तक्षयाची शक्यता आधी तपासायला हवी, तिथे आपण तिला आधी चालायला सांगतो. आणि थकवा गेला नाही की ती स्वतःलाच आळशी समजते. माझी ज्युनिअर मला नेमकं हेच म्हणाली होती: "ताई, माझ्यातच काहीतरी कमी आहे, चालूनही फरक पडत नाही." कमी होतंच, पण ते लोह होतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये थोड्या श्रमानंतरही त्रास बळावतो. त्यावर वर्षानुवर्षं ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा सल्ला दिला जायचा. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि असा व्यायाम देऊ नये असं सांगितलं. थकवा हा एक शब्द आहे, एक आजार नाही.

तुमच्यासाठी

पीएचडीच्या मुलाखतीत किंवा पहिल्या जर्नल क्लबमध्ये पेपर हातात आला की निष्कर्षाआधी पद्धत विभागात जा आणि तीन गोष्टी पेन्सिलीने लिहा. कोणाला आत घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं? काय मोजलं, आणि त्याचं नाव तेच आहे का जे आपण समजतोय? तुलना कशाशी केली? या पोस्टमधले जवळजवळ सगळे मुद्दे या तीन प्रश्नांतून निघालेत. त्यासाठी मोठं स्टॅटिस्टिक्स लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः महिनोन् महिने दमलेले असाल, झोप आणि जेवण ठीक असूनही, तर डॉक्टरांना दाखवा आणि साधी रक्ततपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका. तपासणीत काही निघालं नाही तर जरूर सायकल काढा, तुम्ही त्या ३६ जणांच्या जवळ आहात.

ज्युनिअर आता बरी आहे. अजूनही चालतच येते, म्हणते आता आवडतं. मी मात्र 'रिसर्च आहे त्यावर' हे वाक्य पेपर उघडल्याशिवाय वापरणं बंद केलंय.