आराखडा कोणाचा? : ‘रॅप’ कार्यक्रमाची चिकित्सा

मानसिक आजारातून सावरणे म्हणजे केवळ लक्षणांचा लोप नव्हे, ही भूमिका विल्यम अँथनी यांनी १९९३ मध्ये मांडली. तिला व्यवहारात उतरविणारा एक प्रमुख कार्यक्रम म्हणजे ‘वेलनेस रिकव्हरी ॲक्शन प्लॅन’ अर्थात ‘रॅप’ होय. १९९७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मेरी एलन कोपलँड आणि मानसिक आजार स्वतः अनुभवलेल्या व्यक्तींनी तो घडविला. दिनक्रम, त्रासाची निमित्ते, पूर्वसूचक चिन्हे हे त्यातील भाग परिचितच वाटतात; खरा गाभा संकटकालीन योजनेत आहे. निर्णयक्षमता ढासळल्यास सूत्रे कोणी घ्यावीत, कोणी मुळीच घेऊ नयेत, कोणते औषध नको, हे व्यक्ती बरी असतानाच लिहून ठेवते.

ज्युडिथ कुक व सहकाऱ्यांच्या ओहायोतील अभ्यासात (२०१२) ५१९ व्यक्ती होत्या. आठ आठवड्यांचे वर्ग आजार अनुभवलेल्या मार्गदर्शकांनीच घेतले. लक्षणे घटली, आशा वाढली. तथापि तुलना नेहमीच्या उपचारांशी असल्याने हे श्रेय आराखड्याचे की सहवासाचे, हे त्यातून ठरत नाही. सेवेत कार्यक्रम आणताना मोह होतो तो कागदाचा. तो स्वस्त असतो. परंतु कर्मचाऱ्याने भरलेला आराखडा हा आणखी एक केसपेपरच ठरतो.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने पूर्वनिर्देशाचा हक्क दिला आहे. मात्र आपत्कालीन उपचारांना तो निर्देश लागू होत नाही. कोपलँड यांच्या आराखड्यात व्यक्तीचा शब्द सर्वाधिक मोलाचा असतो, तो नेमका याच घटकेला.