अन्नमालाचा माग आणि ब्लॉकचेन : एक चिकित्सा

कोणत्याही नव्या साधनाचे मूल्यमापन करताना, जो दोष दूर करण्यासाठी ते साधन आणले जात आहे तो दोष मुळात कोठे आहे, हे प्रथम निश्चित करणे अवश्य असते. ब्लॉकचेनच्या योगे अन्नमाल शेतापासून ताटापर्यंत प्रमाणित करता येईल, या अलीकडे वारंवार मांडल्या जाणाऱ्या प्रतिपादनाची अशी चिकित्सा क्वचितच झालेली आढळते. नीरा डाव्या कालव्याने जोडलेले बारामती व इंदापूर हे तालुके या कामी विशेष उपयुक्त आहेत. कारण द्राक्ष, डाळिंब, दूध व ऊस अशी भिन्न प्रकृतीची उत्पादने येथे एकाच परिसरात निघतात.

ब्लॉकचेन ही वस्तुतः एक प्रकारची नोंदवही होय. तीत नोंदींचा प्रत्येक गट आपल्या आधीच्या गटाचा गणिती ठसा स्वतःत वागवितो, आणि वहीच्या प्रती अनेकांपाशी असतात. त्यामुळे मागील एखादी नोंद गुपचूप बदलल्यास पुढील सर्व ठसे जुळेनासे होतात. २००८ साली चलनव्यवहारासाठी मांडलेली ही कल्पना पुढे अन्नव्यापारात आली. वॉलमार्ट कंपनीने केलेल्या प्रयोगात कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग काढण्यास पूर्वी लागणारा सुमारे ७ दिवसांचा अवधी २.२ सेकंदांवर आला, हे उदाहरण या पक्षाचे समर्थक नेहमी देतात. ते खरे आहे. परंतु त्यावरून वेग सिद्ध होतो, नोंदींची सत्यता सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राला मालाचा माग ठेवण्याची पद्धत नवी नाही. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याने निर्यातीस धक्का बसला. त्यानंतर २००६-०७ च्या हंगामापासून ‘अपेडा’ या केंद्रीय प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. कृषिखात्याकडे बागेची नोंदणी, प्लॉटला स्वतंत्र क्रमांक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुन्याची तपासणी, पॅकहाउसची नोंद व पेटीवरील खूण, असा हा क्रम आहे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे अंशतपासणीची शास्त्रीय जबाबदारी आली. इंदापूर तालुक्यातील बोरीसारख्या द्राक्षगावच्या बागाइतदारास ही शिस्त सुपरिचित आहे. ही सर्व व्यवस्था उभी राहिली ती ब्लॉकचेनवाचून, एका मध्यवर्ती नोंदसंग्रहाच्या आधारे.

असे असूनही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात पुन्हा अडकली. या घटनेचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. कोणी नोंदी खोडल्या म्हणून हे घडले नव्हते. ज्या रसायनांचा शोध घ्यावयाचा त्यांच्या यादीतच हे द्रव्य नव्हते. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर कितीही अभेद्य वहीत सापडणार नाही. ब्लॉकचेन नोंदीतील नंतरच्या फेरफारास प्रतिबंध करते. प्रस्तुत प्रसंगी दोष फेरफाराचा नव्हताच.

दुसरा आक्षेप पहिल्या नोंदीसंबंधी आहे. सात-बाराच्या उताऱ्यावरील पीकपाहणी तलाठ्याने शेतावर न जाता भरल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात जुन्याच आहेत. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकऱ्याने स्वतः शेतातील छायाचित्रासह नोंद करावी, असे ठरले. येथे सुधारणा घडली ती नोंद करणारा व त्याने द्यावयाचा पुरावा बदलल्याने. असत्य नोंद अपरिवर्तनीय केली, तर असत्यच चिरस्थायी होते.

तिसरी मर्यादा मालाच्या प्रकृतीतून येते. द्राक्षाची पेटी आपली ओळख अखेरपर्यंत टिकवू शकते. दुधाचे तसे नाही. संकलन केंद्रावर प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा फॅट व एसएनएफ तपासला जातो, आणि लगेच ते दूध इतरांच्या दुधात मिसळून शीतकरणाच्या टाकीत जाते. त्यापुढे माग लागतो तो टाकीचा, गोठ्याचा नव्हे. भेसळ मिसळण्यापूर्वीच पकडावी लागते, आणि ते काम वही करीत नाही, तपासनीस करतो. उसापासून झालेल्या साखरेच्या पोत्याबाबतही हेच म्हणता येईल.

यावरून हे साधन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जेथे परस्परांवर विश्वास नसलेले अनेक पक्ष एकाच नोंदीवर अवलंबून असतात व ती नंतर बदलण्यात एखाद्याचा लाभ असतो, तेथे त्याचे स्थान निश्चित आहे. वजनकाट्याची पावती, गोदामातील मालाची तारणपावती आणि प्रयोगशाळेचा अहवाल ही त्याची स्वाभाविक क्षेत्रे होत.

मात्र एक प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. आजच्या रचनेत माग प्रामुख्याने एकाच दिशेने चालतो. युरोपातील दुकानात दोष आढळला, तर पेटीवरील खुणेवरून इंदापूरच्या बागेचा क्रमांक ताबडतोब हाती येतो. पण त्याच पेटीला त्या दुकानात काय भाव मिळाला, मार्गात किती घट धरली गेली, हे बागाइतदारास त्या खुणेवरून कळत नाही. त्याच्या हाती असते ती केवळ हिशेबाची पट्टी. दोषाचा माग जितक्या तत्परतेने शेतापर्यंत येतो, तितक्याच तत्परतेने दामाचा मागही आला पाहिजे. ही अट पाळणारी साखळी उत्पादकास आपली वाटेल. न पाळणारी साखळी कितीही आधुनिक असली, तरी तिचा भार त्याच्यावर आणि लाभ दुसऱ्यास, अशीच तिची वाटणी राहील.