संघटन-रचना आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा अंगीकार : एक चिकित्सा
(ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात)

प्रास्ताविक

कंपनी कृत्रिम बुद्धिमत्ता कितपत आत्मसात करील, हे तिच्या संघटन-रचनेवर अवलंबून असते, असे प्रतिपादन व्यवस्थापनशास्त्रात वारंवार केले जाते. त्याचे एक मूळ टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर यांच्या 'द मॅनेजमेंट ऑफ इनोव्हेशन' (१९६१) या ग्रंथात आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्सकडे वळू पाहणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांचा अभ्यास करून त्यांनी रचनेचे 'यांत्रिक' व 'जैविक' असे दोन प्रकार मांडले. पहिल्यात अधिकारांची उतरंड आणि ठरावीक कामे. दुसऱ्यात लवचीक जबाबदाऱ्या आणि परस्परसंवाद. स्थिर परिस्थितीत पहिला व बदलत्या परिस्थितीत दुसरा उपयुक्त, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे मात्र 'उतरंड कमी करा, तंत्रज्ञान रुजेल' असा त्याचा सोपा अर्थ रूढ झाला. प्रस्तुत लेखात या अर्थाची चिकित्सा केली आहे.

विवेचन

कल्याण-डोंबिवलीचा अनुभव या अर्थाला छेद देतो. १९८३ मध्ये स्थापन झालेली येथील महानगरपालिका ही कंपनी नव्हे. नियम व उतरंड यांनी बांधलेली ती 'यांत्रिक' संस्था होय. तरीही या शतकाच्या आरंभी ई-प्रशासनात ती राज्यात अग्रेसर ठरली आणि तिचा नमुना पुढे राज्यातील अन्य नागरी संस्थांसाठी स्वीकारला गेला. तेथे उतरंड मोडली नव्हती. एक सीमारेषा तेवढी बदलली होती. नागरिकाने खात्याखात्यांत फिरण्याऐवजी नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर यावे आणि फिरायचे ते अर्जाने, अशी ती मांडणी होती.

याउलट लघुउद्योगांचे उदाहरण पाहावे. ठाण्याचे वागळे इस्टेट ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत. अशा वसाहतींतील लहान कारखान्यांत मालक व कामगार यांच्यामध्ये फार तर एखादा फोरमन असतो. रचना सपाटच, पण दर, उधारी व मालाची प्रत यांविषयीचे ज्ञान पुष्कळदा मालकाच्या वा फोरमनच्या डोक्यात राहते. ज्याची नोंद नाही, ते यंत्राला शिकवता येत नाही.

तथापि महानगरपालिकेचा दाखला फार ताणणेही योग्य नाही. संगणकीकरण लिखित नियम राबवते. कृत्रिम बुद्धिमत्ता संभाव्य उत्तर देते. कॅमेऱ्याने सदोष ठरवलेला सुटा भाग तपासनिसाला निर्दोष वाटला, तर निर्णय कोणी फिरवावा? ग्राहकाने माल परत केला, तर दोष कोणाचा? हे ठरले नसेल, तर कामगार यंत्राचे निमूटपणे ऐकेल किंवा त्याकडे दुर्लक्ष करील. दोन्ही स्थितींत अंगीकार कागदावरच राहतो. अधिकार वर आणि ठपका खाली, ही जुनी विषमता मात्र अधिक घट्ट होते.

समारोप

तात्पर्य, रचनेत पायऱ्या किती, हा प्रश्न अपुरा आहे. कामाची नोंद होते का, यंत्राचे उत्तर नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि चुकीचे उत्तरदायित्व कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न अधिक मूलभूत ठरतात. याच परिसरातील कारखान्यांत व कार्यालयांत आपले विद्यार्थी उद्या नोकरीस लागणार आहेत. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या प्रकल्पकार्यात कोणती प्रणाली बसवली, एवढीच माहिती न घेता हे तीन प्रश्न त्यांना विचारावयास लावणे, हे अध्यापकांच्या हाती आहे.