दावे, पिंजरा आणि दिलेला शब्द

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून आपली दिवाळी सुरू होते. पहिली पणती लागते ती गोठ्यापाशी. ज्यांच्या घरी आता गोठा उरला नाही ते पाटावर गाय-वासराची मूर्ती मांडतात, गवारीची शेंगभाजी आणि बाजरीची भाकरी करतात आणि मनातल्या मनात कुठल्या तरी जुन्या गोठ्याला हात जोडतात. माणसाने जनावर पाळले, त्या घटनेचाच हा सण आहे म्हणा ना! आणि म्हणूनच सध्या सर्वत्र गाजत असलेल्या एका वादाचा विचार करायला हा अंक मला योग्य जागा वाटतो. वाद असा, की जनावर पाळण्याचा माणसाला मुळात अधिकार आहे काय?

वादाच्या दोन्ही बाजू वाचकांच्या परिचयाच्या आहेत. एका बाजूला प्राण्यांच्या हक्कांसाठी झगडणारी मंडळी. त्यांच्यातील सौम्य पक्ष म्हणतो, पाळा, पण छळू नका. कडवा पक्ष म्हणतो, पाळणे हाच छळ. दुसऱ्या बाजूला, ‘माझ्या घरात मी कुत्रे ठेवीन, मांजर ठेवीन, पक्षी ठेवीन; त्यात तुमचे काय जाते?’ असे विचारणारे गृहस्थ. आपल्याकडे सौम्य पक्षाची परंपरा जुनी आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर विधेयक मांडले, आणि त्यांच्या खटपटीतूनच पुढे १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याहून पुढे गेला. त्यामुळे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा आज गुन्हा आहे. २०१५ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तर पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, असे म्हटले.

पोपटाचे नाव निघाले म्हणून आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. वाड्यात तुळईला एक पिंजरा टांगलेला असे. पोपटाला ओली डाळ, पेरूची फोड आणि रोज एक मिरची मिळे. पिंजरा धुताना दार उघडे ठेवीत. पोपट बाहेर येई, पिंजऱ्याच्या माथ्यावर बसे आणि दिवेलागणीला आपण होऊन आत जाई. आलेल्या पाहुण्याला आजोबा कौतुकाने हे दाखवीत. ‘बघा, दार उघडे आहे, पण जात नाही. त्याला इथेच सुख आहे.’ पाहुणेही माना डोलवीत. पोपटाचे पंख छाटलेले होते, एवढे मात्र सांगायचे राहून जाई.

या राहून गेलेल्या वाक्याचा शोध काही साहित्यकृतींत घ्यावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

प्रथम चळवळीचे मूळ पुस्तक घेऊ. ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक पीटर सिंगर यांचे ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेतील एक प्रसंग मोठा मार्मिक आहे. इंग्लंडमध्ये एका बाईंनी सिंगर पतिपत्नींना चहाला बोलावले. बाईंना प्राण्यांचे अतोनात प्रेम. घरी कुत्रा, मांजरे. तुम्ही कोणते प्राणी पाळता, असे त्यांनी विचारले, आणि पाहुण्यांपुढे डुकराच्या मांसाचे सँडविच ठेवले. सिंगर यांनी सांगितले की आम्ही काहीच पाळत नाही, आणि आम्हांला प्राण्यांचा विशेष लळाही नाही. त्यांना छळू नये एवढेच आमचे म्हणणे.

हा प्रसंग लेखकाने अचूक निवडला आहे. लळा आणि न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याने एका बशीत मांडून दाखवले. लाडक्या कुत्र्याला मांडीवर घेणारा माणूस दुसऱ्या जनावराच्या बाबतीत संपूर्ण आंधळा असू शकतो, हे कोण नाकारील? परंतु या ग्रंथाची मर्यादाही याच प्रसंगात आहे. ज्याला लळा नाही त्याच्या न्यायात एक प्रकारची कचेरीतली शिस्त येते. प्राणी तिथे फिर्यादीच्या कागदावरचा पक्षकार होतो. त्याला नाव नसते आणि खोडीही नसते. पुढे गॅरी फ्रान्सिओने या अमेरिकन कायदेपंडिताने हा विचार टोकाला नेला. जगात दोनच कुत्रे उरले तरी त्यांची पैदास आपण होऊ देणार नाही, असे त्याचे मत आहे. गंमत अशी, की याच गृहस्थाने बेवारशी कुत्र्यांना घरी आणून जिवापाड सांभाळले आहे. त्याचे घर त्याच्या सिद्धांताहून मोठे आहे, असेच म्हणावे लागेल.

मात्र त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. माणसाच्या हौसेपायी ज्यांची नाके इतकी चपटी केली गेली की त्यांना धड श्वास घेता येत नाही, अशी कुत्र्यांची कुळे आज शहराशहरांत दिसतात. बुलडॉग जातीच्या माद्यांना तर बहुधा पोट फाडल्याशिवाय पिले होत नाहीत. ही हौस ज्यांना स्वातंत्र्य वाटते त्यांनी आमच्या पोपटाचे पंख आठवावेत.

युक्तिवादाचे ग्रंथ मिटून कथांकडे वळले म्हणजे प्रश्न जिवंत होतो. व्हर्जिनिया वुल्फ यांचे ‘फ्लश’ हे पुस्तक १९३३ साली निघाले. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांच्या कुत्र्याचे हे चरित्र. लेखिकेने ते विनोदाने लिहिले आणि पुष्कळांनी ते विनोद म्हणूनच सोडून दिले. माझ्या मते तो अन्याय आहे. लंडनमधील कुत्रेचोर फ्लशला पळवतात आणि खंडणी मागतात, हा या पुस्तकाचा गाभा आहे. बाईंचे वडील म्हणतात, दमडी देऊ नका. ज्यांच्याशी त्यांचे लग्न ठरत आलेले, ते कवी ब्राउनिंगही तेच सांगतात. खंडणी देणे म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे, हा त्यांचा मुद्दा. तत्त्व म्हणून तो बिनतोड आहे. पण तत्त्वाची चर्चा चाललेली असताना तिकडे एका कोंदट खोलीत एक कुत्रा तहानेने तळमळत असतो. अखेर वर्षानुवर्षे आजारी असलेल्या, घराबाहेर क्वचित पडणाऱ्या त्या बाई दासीला घेऊन गाडीत बसतात आणि चोरांच्या वस्तीत जातात.

पुढे लग्न करून त्या इटलीत जातात, तेव्हा फ्लशची साखळी सुटते. फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर तो मोकळा हिंडतो. पिसवा होतात म्हणून त्याचे देखणे केसही कापावे लागतात. ऐट जाते आणि मोकळीक येते. कुत्र्याला जातिवंत ठेवणे आणि सुखी ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे वुल्फबाईंनी काहीही न सांगता सांगितले आहे. उणीव एवढीच, की हे सारे सुखवस्तू घरातले आहे. पाळणाऱ्यालाच खायला नसेल तर काय, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या दारापर्यंत येत नाही.

तो प्रश्न आपल्या शरदबाबूंनी विचारला. ‘महेश’ ही त्यांची कथा १९२०च्या दशकातली. गफूर हा बंगालमधील एका खेड्यातला दरिद्री मुसलमान विणकर. आमिना ही त्याची मुलगी. आणि महेश हा त्याचा म्हातारा बैल. दुष्काळाचे दिवस. गावचे तर्करत्न रस्त्याने जाताना खंगलेला बैल पाहतात आणि गफूरवर कडाडतात. गोहत्येचे पातक, हिंदूंचे गाव, सगळे काही ऐकवतात. गफूर त्यांच्याजवळ थोडा पेंढा उसना मागतो. पेंढा मिळत नाही. मग तो आपल्या झोपडीच्या छपराचा पेंढा उपसून बैलापुढे टाकतो.

प्राण्यांच्या हक्कांविषयी या एका प्रसंगात जे आले आहे ते अनेक परिषदांत सापडत नाही. तर्करत्नांच्या तोंडी धर्म आहे आणि गफूरच्या हाती छप्पर आहे. सिंगर यांच्या चहावाल्या बाईंना लळा होता, न्याय नव्हता. तर्करत्नांना न्यायाची भाषा येते, लळा ठाऊक नाही. दोघांच्याही हातून जनावराला घासभर चारा मिळत नाही. आजच्या वादातही दुसऱ्याच्या दारातले जनावर पाहून खवळणारे पुष्कळ आणि पेंढा देणारे थोडे, असे दिसते.

शरदबाबू इथेच थांबते तर कथा भाबडी झाली असती. पण एका भयंकर क्षणी, मार आणि उपास सोसून आलेला गफूर, आमिनाने मिनतवारीने मिळवलेले पाणी सांडून महेश ते पिताना पाहतो आणि नांगराचा फाळ त्याच्या डोक्यात घालतो. ज्याने छप्पर दिले त्याच्याच हातून महेश मरतो. लेखकाने पाळणाऱ्याला देव केला नाही, ही या कथेची थोरवी. त्या रात्री मुलीला घेऊन गाव सोडताना गफूर स्वतःसाठी क्षमा मागत नाही. महेशच्या वाट्याचे गवत आणि पाणी ज्यांनी अडवले त्यांना मात्र कधी माफ करू नकोस, असे तो अल्लाला सांगतो. गायरान कुणी गिळले, तळ्यावर पहारा कुणाचा, हा प्रश्न जनावराच्या हक्काच्या पोटात असतोच, हे हा अडाणी विणकर आपल्याला शिकवतो.

‘महेश’नंतर प्रेमचंदांची ‘दो बैलों की कथा’ (१९३१) वाचावी. तिच्यात उजेड आहे. हिरा आणि मोती हे झूरीचे बैल. झूरी त्यांना सासुरवाडीला पाठवतो. आपल्याला विकले, असे समजून ते पहिल्याच रात्री दावे तोडून घरी परततात. पुन्हा रवानगी, पुन्हा मार, मग पळ आणि शेवटी कोंडवाडा. तिथे मोती शिंगांनी भिंत पाडतो. घोड्या, शेळ्या, म्हशी पळतात. गाढवे तेवढी उभीच राहतात. पुन्हा पकडले गेलो तर काय, ही त्यांना धास्ती. मोती त्यांना ढुशा देऊन बाहेर काढतो. पण स्वतः जात नाही, कारण हिराचे दावे तुटलेले नाही.

ही कथा मुलांच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसल्यामुळे तिच्यातील धार आपल्या लक्षात येत नाही. स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, पण त्या बैलांचे स्वातंत्र्य संपते कुठे? झूरीच्या दावणीला. लिलावात त्यांना विकत घेतलेला माणूस मागोमाग येतो. व्यवहाराने पाहिले तर मालकी त्याची. तरी मोती शिंगे रोखून त्याला गावाबाहेर हाकलतो. म्हणजे जनावर मालमत्ता नव्हे, हे चळवळीचे म्हणणे प्रेमचंदांना मान्य आहे. आणि जनावराचे माणसाशी खरे नाते असू शकते, हे पाळणाऱ्यांचे म्हणणेही मान्य आहे. आपल्या वादातल्या दोन्ही पक्षांना ज्या गोष्टी परस्परविरोधी वाटतात त्या इथे एका दावणीला सुखाने उभ्या आहेत.

आजोबांना ही कथा ठाऊक असती तर त्यांनी तिचा दाखला दिला असता. बैल परतले, तसाच पोपटही परततो! पण हिरा-मोती भिंत पाडून, वाट ओळखून, आपल्या पायांनी आले. पोपटाला जाण्याचे साधनच ठेवले नव्हते. त्याचे परतणे कोंडवाड्यातल्या गाढवांच्या जातीचे होते.

अलीकडच्या वैचारिक ग्रंथांपैकी प्रेमचंदांच्या सर्वांत जवळ मला ‘झूपोलिस’ वाटतो. सू डोनल्डसन आणि विल किम्लिका या दोघांनी तो २०११ साली लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: रानटी प्राण्यांना त्यांची भूमी त्यांच्या सत्तेखाली असू द्यावी, पण ज्यांना माणसाने हजारो वर्षांत आपल्यावर अवलंबून केले, त्यांना आता ‘मुक्त’ म्हणून रस्त्यावर सोडणे हे मुक्तीचे सोंग होईल. त्यांना आपल्या समाजाचे नागरिक मानावे. विचार भारदस्त आहे. मात्र बैलाला नागरिक म्हटले की बैल थोडा हरवतो, असे मला वाटत राहते. आपल्या भाषेने हे काम अधिक सोपेपणाने केले आहे.

मराठीत आपण जनावर पाळतो. त्याच क्रियापदाने आपण व्रत पाळतो, पथ्य पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. या प्रत्येक ठिकाणी बंधन पाळणाऱ्यावर आहे. व्रत ज्याने घेतले उपास त्याला. शब्द ज्याने दिला झीज त्याची. मग जनावराच्याच बाबतीत सगळे बंधन जनावराच्या गळ्यात कसे आले? पाळण्याचे स्वातंत्र्य मला मान्य आहे, पण ते शब्द देण्याच्या स्वातंत्र्यासारखे आहे. द्या अथवा देऊ नका; दिल्यावर मात्र आपण मोकळे नाही. या कसोटीने पाहिले तर कवयित्रीने शब्द पाळला. गफूरने छपरासकट पाळला आणि एका क्षणी मोडला, म्हणून तो जन्मभर जळणार. आम्ही पोपटाला शब्द कुठला देणार होतो? घरट्यातून उचललेल्या पाखराला परत देण्याजोगे आमच्याजवळ काहीच नव्हते. म्हणून तो कायदा मला जाचक वाटत नाही. पण दाराशी आलेल्या कुत्र्याला ज्याने भाकरी घातली आणि नाव ठेवले, त्याच्या घरात शिरून ‘हे गुलामीचे लक्षण’ असे सांगणाऱ्याचीही मला कीव येते.

उद्या फटाके वाजू लागले म्हणजे घरोघरची कुत्री पलंगाखाली शिरतील, मांजरे माळ्यावर दडतील. त्यांना हक्क या शब्दाचा अर्थ कळत नाही. आपण त्यांना घरात घेतले तेव्हा काही तरी कबूल केले होते, एवढेच त्यांना ठाऊक असावे. त्या पलंगाजवळ घटकाभर जाऊन बसावे. वसुबारसेची पूजा तिथेही पोचेल.