पापुद्री स्फटिक आणि इलेक्ट्रॉनिकी : एक परामर्श

विजेच्या उपकरणांत पापुद्र्यांनी घडलेल्या पदार्थांचा प्रवेश काल-परवाचा आहे, अशी समजूत अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. परंतु ज्यांनी जुन्या रेडिओची पेटी उघडून पाहिली असेल, त्यांना तिच्यातील निर्वात नळ्यांत आणि धारित्रांत अभ्रकाचे पातळ तुकडे बसविलेले आढळले असतील, आणि ते अभ्रक पुष्कळदा आपल्याच कोडरमा किंवा नेल्लोर या मुलखांतील खाणींतून विलायतेस रवाना झालेले असे. त्या काळी अभ्रकाकडून अपेक्षा एवढीच होती, की त्याने वीज अडवावी आणि उष्णता सोसावी. आज पापुद्री स्फटिकांकडून जी अपेक्षा आहे ती याहून फार मोठी आहे : त्यांनी वीज वाहून न्यावी, हुकुमासरशी थांबवावी, आणि हे सारे अवघ्या तीन अणूंच्या जाडीत पार पाडावे. या अपेक्षेपैकी किती पुरी झाली, याचा जमाखर्च तपासावयाचा तर यंत्रांच्या आधी स्फटिकांकडे पाहिले पाहिजे. आणि नेमके हेच या विषयावरील बहुतेक लिखाणात घडत नाही.

ग्राफाइट, मोलिब्डेनम डायसल्फाइड, टंगस्टन डायसेलेनाइड, बोरॉन नायट्राइड या साऱ्यांच्या रचनेचे मर्म एकच आहे. थराच्या आत अणू एकमेकांना दृढ बंधांनी जखडलेले असतात, तर थराथरांमध्ये व्हान डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाणारे दुर्बल आकर्षण तेवढे असते. सिलिकॉनचा स्फटिक सर्व दिशांनी सारखाच बांधलेला असल्यामुळे तो कोठेही तोडला तरी पृष्ठावर अणूंचे तुटके बंध उघडे पडतात, आणि त्याचा पत्रा तीन-चार नॅनोमीटरांहून पातळ केला की पृष्ठाचा खडबडीतपणाच इलेक्ट्रॉनांची वाट अडवू लागतो. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर सुमारे ०.६५ नॅनोमीटर जाडीचा, आणि तरीही त्याचे पृष्ठ स्वभावतःच बंद व निर्वेध असते. सिलिकॉनच्या ऱ्हस्वीकरणाची सीमा जवळ आल्याचे दिसू लागताच जगाचे लक्ष या पदार्थांकडे वळले, ते या गुणामुळे.

हे लक्ष वळवण्याचा मान मँचेस्टर येथील आंद्रे गाईम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांच्याकडे जातो. त्यांनी २००४ साली चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून त्याचा एकेरी थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा काढून दाखवला आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चिकटपट्टीने पापुद्रे काढण्याची वहिवाट मात्र त्याहून जुनी होती. रॉबर्ट फ्रिंट यांनी १९६०च्या दशकातच मोलिब्डेनम डायसल्फाइडचे काही थरांपुरते पातळ तुकडे असेच मिळवले होते. ग्राफीनला ऊर्जा-अंतर नसल्याने त्याचा ट्रान्झिस्टर कधी पुरता बंद होत नाही, ही अडचण लवकरच सर्वांच्या ध्यानी आली. पुढे २०११ साली लोझान येथील आंद्रास किश यांच्या प्रयोगशाळेने मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थराचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला आणि त्यातील चालू व बंद प्रवाहांत दहा कोटी पटींची तफावत दाखवली. तेथून प्रबंधांचा जो ओघ सुरू झाला तो अद्याप थांबलेला नाही. परंतु त्यांतील कितीएक निष्कर्ष काही मायक्रोमीटर रुंदीच्या, हाताने वेचून काढलेल्या एखाद्या उत्तम तुकड्यावर उभे आहेत. अशा तुकड्याचे गुण हे त्या पदार्थाचे गुण म्हणून जाहीर करणे मला शास्त्रीय सचोटीला धरून वाटत नाही.

खरी विद्या आहे ती स्फटिक वाढवण्याची. मोलिब्डेनम आणि गंधक किंचित आयोडीनसह क्वार्ट्झच्या नळीत घालावयाचे, नळी निर्वात करून मुखाशी वितळवून बंद करावयाची, आणि एक टोक दुसऱ्याहून अधिक तप्त राहील अशा भट्टीत ती कित्येक दिवस निवांत ठेवावयाची : आयोडीन तप्त टोकाकडील धातूला बाष्परूपाने वाहून नेते, शीत टोकाकडे सोडून देते, आणि स्वतः पुढच्या खेपेसाठी मोकळे होते. तेथे जो स्फटिक जन्मतो तो लखलखीत, चपटा, पानासारखा. कारण थराच्या कडेवरचे अणू नवागताला तत्काळ बांधून घेतात, तर थराचे सपाट अंग त्याला थारा देत नाही. पदार्थाचा पापुद्रा व्हावा हे जणू त्याच्या वाढीच्या क्रमातच लिहिलेले असते. मात्र या स्फटिकांत हजार गंधकस्थानांमागे काही स्थाने रिती राहतात, आणि प्रत्येक रिते स्थान इलेक्ट्रॉनाला अडखळवते. वितळलेल्या सेलेनियमच्या विपुल द्रावात टंगस्टन डायसेलेनाइड वाढवले, तर असे दोष कितीतरी पटींनी घटतात, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मंडळींनी दाखवले आहे.

या संदर्भात जपानमधील त्सुकुबा येथील ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. वातावरणाच्या सुमारे ४०,००० पट दाब आणि १,५०० अंशांच्या आसपास उष्णता यांत, एका प्रचंड दाबयंत्रात, ते बोरॉन नायट्राइडचे अत्यंत शुद्ध स्फटिक वाढवतात. ग्राफीनला अशा स्फटिकाचे आसन दिले की त्यातील इलेक्ट्रॉनांची गती विलक्षण सुधारते, हे २०१० साली सिद्ध होताच जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यांच्याकडे धाव घेतली, आणि त्यांनी ते स्फटिक मुक्तहस्ताने वाटले. सुमारे १.१ अंशाने पिळलेल्या दुहेरी ग्राफीनमध्ये २०१८ साली अतिसंवाहकता आढळली, तिच्याही अंगाखाली हेच स्फटिक होते. एका संपूर्ण ज्ञानशाखेची मदार दोन माणसांच्या कसबावर असावी, ही त्या दोघांना भूषणावह आणि त्या शाखेला चिंता वाटावी अशी गोष्ट आहे.

सोललेल्या तुकड्यांवर कारखाना चालत नाही. त्यासाठी संपूर्ण चकतीवर एकसंध थर वाढावा लागतो. २००९ साली टेक्सासमध्ये तांब्याच्या पत्र्यावर ग्राफीन वाढवण्यात यश आले. निकेल कार्बन पोटात घेते आणि थंड होताना तो असमान ओकते. तांबे मात्र त्याला जवळजवळ विरघळवीतच नाही, म्हणून तांब्याचे पृष्ठ झाकले गेले की वाढ आपोआप थबकते. डायसल्फाइडची कथा अधिक बिकट आहे. त्याचे त्रिकोणी स्फटिक नीलमाच्या पृष्ठावर कोणी सुलटे तर कोणी उलटे उगवतात, आणि जेथे ते एकमेकांस भिडतात तेथे दोषांची शिवण पडते. नीलमाच्या अंगावरील अणुमात्र उंचीच्या पायऱ्यांचा आधार देऊन सर्व त्रिकोण एकाच दिशेला उभे करण्याचे जे तंत्र गेल्या काही वर्षांत साधले आहे, ते माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम आहे. तरीही ही वाढ बहुधा ७०० ते ९०० अंशांवर होते, आणि चिपमधील तयार तारकाम ४०० अंशांपलीकडे सोसत नाही. म्हणून थर एकीकडे वाढवून दुसरीकडे उचलून ठेवावा लागतो, आणि त्या स्थलांतरात सुरकुत्या, चिरा व रसायनांचा मळ पदरी येतो.

यंत्रांचा तपशील थोडक्यात पुरे. व्हिएन्ना येथे २०१७ साली मोलिब्डेनम डायसल्फाइडचा ११५ ट्रान्झिस्टरांचा एक-बिट प्रक्रियक झाला. २०२५ साली शांघायच्या फुदान विद्यापीठाने ५,९०० ट्रान्झिस्टरांचा ३२-बिट प्रक्रियक सिद्ध केला. प्रगती निःसंशय मोठी आहे. पण हा प्रक्रियक किलोहर्ट्झच्या मंद गतीने चालतो, आणि खिशातल्या फोनमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. धातू आणि थर यांच्या सांध्यावर होणारा विरोध बिस्मथच्या योगाने २०२१ साली पुष्कळ खाली आला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तेव्हा या विद्येची आजची अवस्था माझ्या मते अशी आहे : यंत्ररचना पुढे गेली, स्फटिकशास्त्र मागे राहिले, आणि सन्मानाचे वाटप मात्र यंत्रांकडे झुकले. आपल्या देशात या स्फटिकांच्या वाढीचे काम नवे नाही. वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात बाष्पवहनाने असे स्फटिक अनेक वर्षे वाढवले गेले. माझी विद्यापीठांना आग्रहाची विनंती आहे, की ट्रान्झिस्टर न बनवता केवळ एक निर्दोष स्फटिक वाढवून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यांनी पीएच.डी.साठी पूर्ण मानावा, आणि भट्टीपाशी बसणाऱ्या माणसासाठी कायम पगाराची जागा मंजूर करावी.