‘द फॅक्ट दॅट’ मोजताना नेमकं काय मोजलं जातं?

इंग्रजीत नामाच्या मागे ‘दॅट’ लावून एक अख्खं वाक्य जोडता येतं. ‘द न्यूज दॅट ही लेफ्ट’, ‘द आयडिया दॅट मनी कॅन बाय एव्हरीथिंग’, ‘द फॅक्ट दॅट शी इज हिअर’. भाषाविज्ञानात किंवा इंग्रजीत पीएचडी करायची म्हणून या रचनेकडे वळलात, तर गाइड बहुधा एक पुस्तक हातात ठेवतील: हान्स-यॉर्ग श्मिड यांचं २००० सालचं ‘इंग्लिश ॲबस्ट्रॅक्ट नाउन्स ॲज कन्सेप्च्युअल शेल्स’. ठेवावंच. या विषयावर इतकं कष्टाचं काम दुसरं सापडणं अवघड आहे. पण या पुस्तकातून, आणि त्याच्या वाटेनं गेलेल्या पेपरांमधून, ‘फॅक्ट’ या शब्दाची जी मोजणी पुढे येते तिच्याशी माझं भांडण आहे. पद्धतीचा विषय असल्यामुळे ते भांडण तुमच्याही कामाला येईल.

आधी एक घोळ निस्तरू. नामामागे येणारे ‘दॅट’ दोन. ‘द न्यूज दॅट ही टोल्ड मी’ म्हणजे त्यानं मला सांगितलेली बातमी. इथे ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालतं, आणि पुढच्या वाक्यात एक जागा रिकामी आहे (काय सांगितलं? तीच बातमी). ‘द न्यूज दॅट ही लेफ्ट’ म्हणजे तो गेला ही बातमी. इथे ‘विच’ चालत नाही, रिकामी जागाही नाही. पुढचं वाक्य म्हणजेच बातमीचा मजकूर. पहिलं रिलेटिव्ह क्लॉज, दुसरं आपल्या कामाचं. कधीकधी एकच शब्दमाला दोन्ही असू शकते. ‘द फॅक्ट दॅट ही फरगॉट’ याचा अर्थ ‘तो विसरला ती गोष्ट’ असाही होतो आणि ‘तो विसरला ही गोष्ट’ असाही. कॉर्पसमध्ये नुसतं ‘फॅक्ट दॅट’ टाकून आलेला आकडा थिसिसमध्ये चिकटवणाऱ्यांनी हे एक उदाहरण टेबलासमोर लावून ठेवावं.

आता पुस्तक. श्मिड यांनी ‘बँक ऑफ इंग्लिश’च्या ब्रिटिश भागातल्या २२ कोटी ५० लाख शब्दांच्या मजकुरातून ६७० नामं काढली: फॅक्ट, आयडिया, प्रॉब्लेम, होप, क्लेम, थिंग, पॉसिबिलिटी वगैरे. यांना ते ‘शेल नाउन’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. नाम हे कवच, आणि त्याच्यामागचं वाक्य हा आतला गर. वाक्याएवढा लांबलचक मजकूर एका नामात तात्पुरता बंद करायचा आणि पुढे हातात धरून फिरवायचा. त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं म्हणणं असं की, ‘शेल’ ही नामांची जात नाही, तो नामाचा वापर आहे. तेच नाम एका वाक्यात कवच असेल आणि दुसऱ्यात नसेल. इतकी स्वच्छ भूमिका घेतल्यावर मोजणीतही ‘वापर’च मोजला जाईल, अशी अपेक्षा वाढते. माझी तक्रार तिथून सुरू होते.

मोजणीसाठी त्यांनी दोन मापं वापरली, आणि ती तुम्ही शिकूनच घ्या. पहिलं ‘ॲट्रॅक्शन’: एखाद्या रचनेची जेवढी उदाहरणं सापडली त्यांतली किती या नामानं व्यापली. दुसरं ‘रिलायन्स’: हे नाम एकूण जितक्या वेळा आलं त्यांतलं किती वेळा या रचनेत आलं. नाम अधिक ‘दॅट’ या रचनेत ॲट्रॅक्शनमध्ये ‘फॅक्ट’ सगळ्यांच्या फार पुढे आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या ‘लाँगमन ग्रामर’मध्येही हेच दिसतं. आकडा खरा आहे, वाद नाही. वाद त्याच्या अर्थाबद्दल आहे.

ही दोन वाक्यं पाहा. एक, ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट.’ दोन, ‘हिज आर्ग्युमेंट रेस्ट्स ऑन द फॅक्ट दॅट द पॉलिसी फेल्ड.’ दोन्हीत तोच शब्द, तीच रचना. कॉर्पसच्या तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात जाणार.

पहिल्या वाक्यात ‘फॅक्ट’ कशासाठी आलं? इंग्रजीचे बहुतेक प्रेपोझिशन ‘दॅट’चं वाक्य थेट अंगावर घेत नाहीत (‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ असे मोजके अपवाद सोडा). ‘डिस्पाइट दॅट इट वॉज रेनिंग’ म्हणता येत नाही. प्रेपोझिशनला नाम हवं, आपल्याकडे वाक्य आहे, मग मधे टेकू म्हणून एक नाम उभं करायचं. ते ‘फॅक्ट’. पाऊस पडत होता हे खरं, याची ग्वाही ‘फॅक्ट’ देत नाही. ‘डिस्पाइट’मध्येच ती आहे. ‘डिस्पाइट द रेन’ म्हणा, ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ म्हणा, ग्वाही कमी होत नाही. विल्यम स्ट्रंक यांनी १९१८च्या ‘एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ दिसेल तिथून काढून टाका असं बजावलं, ते अशा वाक्यांपुरतं पटतं.

दुसऱ्या वाक्यात मात्र ‘फॅक्ट’ निवडलेलं आहे. तिथे ‘ॲझम्प्शन’ चाललं असतं, ‘क्लेम’, ‘बिलीफ’, ‘फाइंडिंग’ चाललं असतं. प्रत्येक वेळी लेखकाची जबाबदारी बदलली असती. ‘फॅक्ट’ म्हटल्याबरोबर धोरण फसलं हे वादातून बाहेर काढलं. आता ज्याला वाद घालायचाय त्यानं आधी ते नाम उखडायचं, मग पुढे बोलायचं.

थोडक्यात एक ‘फॅक्ट’ टेकू आहे आणि एक निवाडा. लक्षात घ्या, दोन्ही वाक्यांत ते प्रेपोझिशनच्या मागेच आलंय. त्यामुळे ‘आधी प्रेपोझिशन आहे का’ एवढं तपासून भागत नाही. तपासणी वेगळी हवी: नाम बदलून बघा. ‘डिस्पाइट द क्लेम दॅट इट वॉज रेनिंग’ केलंत तर वाक्य पाऊस सोडून कोणाच्या तरी दाव्याबद्दल बोलायला लागतं, म्हणजे मूळ जागी निवड नव्हतीच. ‘रेस्ट्स ऑन द क्लेम’ केलंत तर वाक्याचं काम तेच राहतं, फक्त लेखकाचा शिक्का बदलतो. मधला करडा पट्टाही आहे. ‘द फॅक्ट दॅट ही केम लेट बॉदर्ड मी’ इथे ‘फॅक्ट’ थोडं टेकू आहे, कारण ‘दॅट ही केम लेट बॉदर्ड मी’ हे कानाला फारच कडक लागतं. आणि थोडं निवाडाही. अशा वाक्यांसाठी तिसरा रकाना ठेवावा लागेल.

हे वेगळं केल्याशिवाय ‘फॅक्ट’ पहिल्या नंबरावर आहे या आकड्यावरून लेखकांच्या वृत्तीबद्दल बोलायला लागलं की मी थबकते. फेंग जियांग आणि केन हायलंड यांच्या २०१५च्या पेपरचं शीर्षकच ‘द फॅक्ट दॅट’ने सुरू होतं, आणि तिथे ही नामं ‘स्टान्स नाउन’ म्हणून, म्हणजे लेखकाची भूमिका दाखवणारी म्हणून वाचली आहेत. दृष्टी चांगली आहे. ‘क्लेम’, ‘पॉसिबिलिटी’, ‘एव्हिडन्स’ यांना ती नेमकी बसते. मॅगी चार्ल्स यांनी २००७मध्ये राज्यशास्त्र आणि मटेरिअल्स सायन्स या दोन विषयांचे थिसिस शेजारी ठेवून याच रचनेचा अभ्यास केला. ‘आर्ग्युमेंट’सारखी नामं की ‘एव्हिडन्स’सारखी, हा त्यांचा प्रश्न मला जास्त धारदार वाटतो, कारण तो निवडीचा प्रश्न आहे. टेकूच्या ‘फॅक्ट’मध्ये मात्र भूमिका शोधणं म्हणजे मांडवाच्या बांबूत नक्षी शोधणं.

जुन्या लोकांना याची चाहूल लागली होती. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांच्या १९७०च्या ‘फॅक्ट’ या निबंधात एक साधी कसोटी आहे: ‘रिग्रेट’सारखी क्रियापदं ‘द फॅक्ट दॅट’ घेतात, ‘बिलीव्ह’सारखी घेत नाहीत, कारण पहिली मागच्या वाक्याचं खरेपण गृहीत धरतात. निबंध छोटा आहे, मुळातूनच वाचा. फक्त रोजच्या इंग्रजीत ही भिंत इतकी सरळ नाही. लोक ‘आय डिस्प्यूट द फॅक्ट दॅट’ म्हणतात. शब्दशः बघितलं तर हे विचित्र आहे: वस्तुस्थिती म्हणायचं आणि तीच अमान्य करायची! पण ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. म्हणजे तिथेही ‘फॅक्ट’ची धार गेलेली आहे, आणि या वेळी समोर प्रेपोझिशन नसताना. ही उदाहरणं किती आहेत आणि कोणत्या क्रियापदांबरोबर येतात, यावर एखादी नीट एमफिलच्या आकाराची पाहणी व्हायला हरकत नव्हती. (एमफिल बंद झाली, ते सोडा.)

दुसरी तक्रार बोलीबद्दल. शोधायचं असेल तर शोधता येईल असा शब्द लागतो, आणि तो शब्द ‘दॅट’. पण बोलताना इंग्रज माणूस बिनदिक्कत ‘द फॅक्ट यू केम’ म्हणतो, ‘दॅट’ गाळून. अशी वाक्यं ‘नाम अधिक दॅट’च्या जाळ्यातून निसटतात. टिम स्टोवेल यांच्या १९८१च्या एमआयटीतल्या थिसिसपासून वाक्यरचनेच्या अभ्यासात नामामागचा ‘दॅट’ गाळता येत नाही असं धरून चालले, त्या वाक्यांपुढे तारका लावली, आणि त्यावर सिद्धान्त रचले. एका बाजूला तारका, दुसऱ्या बाजूला शोधात न सापडणं. त्यामुळे रोज बोलली जाणारी रचना दोन्हीकडच्या अभ्यासकांच्या नजरेआड राहते.

तसंही बोलण्यात ही रचना कमीच येते, हे बायबर मंडळींनीच नोंदवलंय. बोलणारा नामाला वाक्य चिकटवण्यापेक्षा मधे ‘इज’ घालतो: ‘द थिंग इज’, ‘द ट्रबल इज’, ‘द पॉइंट इज’. गंमत बघा, ‘द ट्रबल इज दॅट ही इज लेट’ चालतं, पण ‘द ट्रबल दॅट ही इज लेट’ चालत नाही. श्मिड या दोन रचना वेगवेगळ्या मोजतात, ते बरंच आहे. काही लोकांच्या तोंडी तर ‘द थिंग इज इज’ असं दोनदा येतं. म्हणजे ‘द थिंग इज’ हा एक घट्ट गोळा होऊन बसलाय आणि खरं क्रियापद नंतर येतंय.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. आपण बोलताना ‘गोष्ट अशी की’, ‘मुद्दा असा की’, ‘भानगड अशी की’ म्हणतो ते हेच. लिहिताना मात्र मराठीत इंग्रजीपेक्षा एक सोय जास्त आहे. ‘तो गेला ही बातमी’, ‘तो गेला अशी बातमी’, ‘तो गेल्याची बातमी’: तीन जोड, तीन छटा. ‘अशी’ म्हटलं की सांगणारा दुसरा कोणीतरी आहे असा वास येतो. ‘तो गेला ही वस्तुस्थिती कोणी नाकारत नाही’ सहज वाटतं, ‘तो गेला अशी वस्तुस्थिती कोणी नाकारत नाही’ अडखळतं. म्हणजे इंग्रजीत जो शिक्का फक्त नामावर असतो, त्यातला थोडा मराठीत ‘ही’ आणि ‘अशी’ यांच्यावर विभागला जातो. आणि टेकूची गरज आपल्याला पडतच नाही; ‘पाऊस पडत असूनही’ म्हटलं की झालं. इंग्रजी सिनॉप्सिस मराठीत आणताना ‘पाऊस पडत होता या वस्तुस्थितीच्या असूनही’ असलं काहीतरी लिहिणारे भेटतात, त्यांनी टेकूलाच निवाडा समजलेलं असतं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत, त्यांतले साधारण १ कोटी बोलीतले. ‘द फॅक्ट दॅट’ची २०० उदाहरणं यादृच्छिक काढा, १०० लेखी आणि १०० बोलीतली. रिलेटिव्ह क्लॉज बाजूला करा. उरलेल्या प्रत्येकात ‘फॅक्ट’च्या जागी ‘क्लेम’ घाला आणि टेकू, निवाडा, करडं असे तीन ढीग करा. मग तेच काम मैत्रिणीला स्वतंत्रपणे करायला लावा आणि तुमचे ढीग किती जुळतात ते तपासा. जुळणी कमी आली तर आधी करड्या ढिगाची व्याख्या सुधारा. त्यानंतरच टक्केवारी काढायला बसा.