अपूर्ण पोलादी उंच इमारतींचे भूकंपसक्षमीकरण : नवी मुंबईच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
भूकंपविषयक मानकांपुढे मुख्यतः पूर्ण झालेली इमारत असते. आर्थिक अडचणी वा न्यायालयीन वाद यांमुळे वर्षानुवर्षे सांगाड्याच्या अवस्थेत राहिलेली इमारत मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या उणिवेचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. नवी मुंबईचे अनेक भाग खाडीकाठच्या भरावावर व मऊ चिकणमातीवर वसले आहेत. भा. मा. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा प्रदेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम तीव्रतेच्या क्षेत्रात होता. तथापि मऊ जमीन दूरच्या भूकंपाचे हेलकावेही वाढविते. १९८५ मध्ये मेक्सिको शहरातील पिनो सुआरेझ संकुलाचा २१ मजली पोलादी मनोरा कोसळला. भूकंपाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर होते. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील भूकंपाने सुमारे १००० किलोमीटरवरील बँकॉकमध्ये बांधकामाधीन शासकीय इमारत कोसळली. ती काँक्रीटची होती, हा भेद मान्य करूनही अपूर्णतेचा प्रश्न उरतोच.

पोलाद लवचीक, म्हणून सुरक्षित, हा समज १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने फोल ठरविला. तेथे तुळई व स्तंभ यांच्या वेल्डिंगच्या सांध्यांना ठिसूळ तडे गेले. अपूर्ण सांगाड्याचे वजन कमी, म्हणून त्यावरील भूकंपबलही कमी, हे खरे. परंतु तिरपे आधार बसलेले नसतात, स्लॅब अपुरे असतात आणि खाऱ्या हवेने उघडे सांधे गंजतात. पुढे मजले व भिंती चढल्या की वजन वाढते. गंजलेला सांधा मात्र तोच राहतो.

भा. मा. १५९८८ : २०१३ हे सक्षमीकरणाचे मार्गदर्शक प्रबलित काँक्रीटपुरते आहे. भा. मा. १८१६८ : २०२३ पोलादी इमारतींच्या भूकंपरोधक आराखड्याविषयी आहे. रेरा कायद्याचे कलम ८ रखडलेल्या प्रकल्पाच्या ‘उर्वरित’ कामाचा विचार करते. उभ्या कामाच्या फेरतपासणीविषयी ते मौन बाळगते. कलम १४ मधील संरचनात्मक दोषांचे पाच वर्षांचे दायित्व ताबा दिल्यापासून मोजले जाते. त्यामुळे सांगाड्याने पावसात काढलेल्या वर्षांचा हिशेब कोणाकडेच राहत नाही.

निष्कर्ष :
सांधे भिंतींआड जाण्यापूर्वीच सक्षमीकरण सर्वांत सुलभ असते. म्हणून काम पुन्हा सुरू करण्यापूर्वी वेल्डिंग, बोल्ट, स्तंभतळ व पाया यांची स्वतंत्र तपासणी आणि प्रचलित मानकानुसार फेरगणना बंधनकारक असावी. आवश्यक तेथे तिरपे आधार व सांध्यांचे मजबुतीकरण करावे. अन्यथा घर घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती नव्या रंगाखालील जुना धोकाच येईल.